रेशमाच्या पट्टीवर मोजलेला समुद्र

ज्यांना ट्रेनच्या गोंगाटात ऐकू येत नाही किंवा ज्यांना निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त जरा सावरून घेतलंय.

सुरुवात एका प्रश्नाने करते. तुमच्यापैकी कितीजणांनी जवळा खाल्लाय? सुका जवळा, कांदा घालून परतलेला, सोबत तांदळाची भाकरी. खाल्ला असेल तर तुम्ही झूप्लँक्टन खाल्लंय. आणि खाल्ला नसेल, पण बांगडा किंवा तारली खाल्ली असेल, तर झूप्लँक्टन खाऊन वाढलेला मासा खाल्लाय. म्हणजे सुटका नाहीच.

झूप्लँक्टनला मराठीत प्राणिप्लवक म्हणतात. पाण्यात राहणारे, पण प्रवाहाच्या विरुद्ध पोहत जाण्याची ताकद नसलेले प्राणी. प्रवाह नेईल तिकडे जायचं. यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, आणि हातभर रुंद जेलीफिशसुद्धा आहे. पण संख्येने सगळ्यात जास्त असतात ते कोपेपॉड. कोळंबीचे लांबचे नातेवाईक, बहुतेक तिळाएवढे किंवा त्याहूनही लहान. आपला जवळा हा त्या मानाने या जगातला धिप्पाड पैलवानच.

समुद्रातली साखळी थोडक्यात अशी: सूर्यप्रकाशावर वाढतात ते सूक्ष्म वनस्पतिप्लवक. त्यांना खातात प्राणिप्लवक. प्राणिप्लवकांना खातात लहान मासे, आणि त्यांना सुरमईसारखे मोठे मासे. कधी बांगडा साफ करताना त्याचे कल्ले उघडून बघा. आत कंगव्यासारखे दाते दिसतील. पाणी बाहेर, प्लवक आत. त्याची स्वतःची गाळणीच आहे ती.

म्हणजे सूक्ष्म वनस्पती आणि मासे यांच्या मधला जो पूल आहे, तो प्राणिप्लवकांचा. पूल खचला तर पलीकडचे सगळे उपाशी. तर मग समुद्रात हे किती आहेत, कुठे आहेत, कधी वाढतात, कधी कमी होतात, हे कळायला हवं ना? आजची गोष्ट याच एका प्रश्नाची आहे. न दिसणाऱ्या, एका जागी न थांबणाऱ्या, समुद्रभर पसरलेल्या जिवांची मोजदाद करायची तरी कशी?

पिशवी, आणि गिरणीतलं रेशीम

१८२० च्या दशकात आयर्लंडमधल्या कॉर्क इथे जॉन व्हॉन थॉम्प्सन नावाचे लष्करी डॉक्टर होते. ते समुद्रात बारीक जाळं फिरवायचे आणि त्यात सापडलेले जीव घरी नेऊन पाण्यात वाढवायचे. त्या काळी 'झोइया' नावाचा एक काटेरी, मोठ्या डोळ्यांचा जीव स्वतंत्र प्राणी मानला जायचा. थॉम्प्सन यांनी दाखवून दिलं की झोइया म्हणजे खेकड्याचं पिल्लू! आज आपल्याला माहीत आहे की प्राणिप्लवकांतले कितीतरी जीव असे 'पाहुणे' असतात. खेकडे, कालवं, कित्येक मासे, सगळ्यांचं बालपण या तरंगत्या जगात जातं. मोठे झाले की तळाला किंवा खडकावर बिऱ्हाड करायचं.

त्यानंतर काही वर्षांनी, जानेवारी १८३२ मध्ये, बीगल जहाजावर बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनने झेंड्याच्या कापडाची एक पिशवी शिवली, तिला अर्धगोल कडी लावली आणि जहाजाच्या मागे सोडली. पिशवी वर आली ती चित्रविचित्र जिवांनी भरलेली. भर समुद्रात, जिथे बघायला कोणी नाही, तिथे इतकं सौंदर्य कशासाठी, असा त्याला प्रश्न पडला.

इथवरचं सगळं कुतूहल होतं. मोजणी नव्हती. मोजणी आणली ती जर्मनीतल्या कील विद्यापीठातल्या व्हिक्टर हेन्सेन यांनी. हे मुळात शरीरशास्त्रज्ञ. पण कीलच्या बंदरात राहून त्यांना मासेमारीत रस होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: शेतकऱ्याला एकरी किती पीक येतं ते सांगता येतं, मग समुद्राचं पीक का सांगता येऊ नये? १८८७ मध्ये त्यांनी या तरंगत्या जगाला 'प्लँक्टन' हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भटकणारा.

मोजायचं तर जाळ्याची भोकं सगळीकडे सारखी हवीत. असं कापड कुठे मिळणार? ते मिळालं पिठाच्या गिरणीत! पीठ चाळायला एक अतिशय बारीक, एकसारख्या विणीचं रेशमी कापड वापरलं जायचं. त्याचीच जाळी झाली. शंकूसारखी लांब पिशवी, वर कडी, खाली डबा. वर्सोवा किंवा सातपाटीला डोल जाळं पाहिलं असेल तर आकार लगेच डोळ्यांसमोर येईल. तोंड मोठं, शेपूट निमुळती. फरक एवढाच की डोल एका जागी रोवलेली असते आणि भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं; हेन्सेन यांचं जाळं खोल सोडून सरळ वर ओढायचं. तोंडाचं क्षेत्रफळ माहीत, खोली माहीत, म्हणजे किती पाणी गाळलं ते माहीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली बसायचं आणि मोजायचं. एक, दोन, तीन...

शितावरून भाताची परीक्षा

१८८९ मध्ये हेन्सेन 'नॅशनल' नावाच्या जहाजावरून अटलांटिकच्या मोहिमेवर निघाले. जुलै ते नोव्हेंबर. या मोहिमेचं नावच 'प्लँक्टन मोहीम'. अपेक्षा अशी होती की उष्ण कटिबंधातल्या समुद्रात जीवसृष्टी भरपूर असणार. जंगलात असते ना, तशी. हाती आलं ते उलटंच! थंड पाण्यात प्लवक भरपूर आणि उष्ण निळ्या समुद्रात तुरळक. आज आपण कारण सांगू शकतो. उष्ण समुद्रात वरचं गरम पाणी हलकं होऊन झाकणासारखं बसतं, आणि खालचं पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येत नाही. पण तेव्हा हा धक्काच होता.

आणि मग झाला वाद. येना विद्यापीठातले अर्न्स्ट हेकेल हे त्या काळचं मोठं नाव. सूक्ष्म सागरी जिवांच्या हजारो जातींची वर्णनं त्यांनी केली होती, चित्रं तर अशी काढायचे की आजही लोक ती भिंतीवर लावतात. १८९० मध्ये त्यांनी हेन्सेन यांच्या पद्धतीवर जोरदार टीका केली. मुद्दा काय होता? हेन्सेन शितावरून भाताची परीक्षा करत होते. चार ठिकाणी जाळं टाकायचं, मोजायचं, आणि गुणाकार करून महासागराचा हिशेब सांगायचा. हे चालतं, पण भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच. हेकेल म्हणत होते की समुद्र असा एकसारखा नाहीच. इथे प्लवकांचा दाट थवा, मैलभर पुढे काहीच नाही. मग तुमच्या आकड्यांना अर्थ काय?

माझं मत विचाराल तर दोघांतलं कोणीच पूर्ण हरलं नाही. समुद्राबद्दल हेकेल बरोबर होते. प्लवक खरंच ठिगळाठिगळांनी पसरलेले असतात. पण त्यावर 'मोजूच नका' हा उपाय नव्हता. मोजायचं कसं, हे शिकायला हवं होतं. ते शिकायला आणखी चाळीस वर्षं लागली.

हार्डी आणि त्यांचं यंत्र

आता येतात आजच्या गोष्टीतले माझे सगळ्यात आवडते गृहस्थ. ॲलिस्टर हार्डी, जन्म १८९६, नॉटिंगहॅम. १९२१ मध्ये ते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट इथे मत्स्य संशोधक म्हणून रुजू झाले. काम होतं हेरिंग या माशाचा अभ्यास. हेरिंग म्हणजे तिकडची तारलीच म्हणा. तिच्यावर आख्ख्या किनाऱ्याची चूल पेटायची. हार्डी यांनी शेकडो हेरिंगची पोटं तपासली. कोणत्या वयाची हेरिंग काय खाते, ते जे खाते ते काय खातं, त्या खालचं काय खातं. १९२४ मध्ये त्यांनी हे सगळं एका आकृतीत मांडलं. बाणांनी जोडलेली नावंच नावं. आज शाळेच्या पुस्तकात अन्नजाळं म्हणून जी आकृती असते ना, तिच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक गाजलेलं उदाहरण.

१९२५ मध्ये त्यांना 'डिस्कव्हरी' जहाजावर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून जागा मिळाली. हे जहाज दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात देवमाशांचा अभ्यास करायला निघालं होतं. तेव्हा देवमाशांची कत्तल बेसुमार चालली होती, आणि गंमत म्हणजे मोहिमेचा खर्च देवमाशाच्या तेलावरच्या करातूनच निघत होता. देवमासे कुठे जमतात हे शोधायचं तर ते खातात ते क्रिल कुठे जमतं ते शोधायला हवं. क्रिल म्हणजे कोळंबीसारखाच दिसणारा प्राणिप्लवक.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. मोहिमेचे प्रमुख होते स्टॅन्ली केम्प. हे आधी कलकत्त्यात होते, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत. १९१७ मध्ये त्यांनी तिथल्या संग्रहातल्या 'असेटीस' या कोळंबीवर्गीय जिवांवर निबंध लिहिला होता. असेटीस म्हणजे काय माहितीये? आपला जवळा! जवळ्याचा अभ्यास केलेला माणूस दक्षिण ध्रुवाकडच्या क्रिलच्या मोहिमेचा प्रमुख झाला. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले.

असो. या मोहिमेत हार्डी यांच्यासमोर हेकेल यांचाच मुद्दा उभा राहिला. क्रिलचे थवे असतात. जाळं थव्यात पडलं तर समुद्र भरलेला वाटणार, थव्याशेजारी पडलं तर रिकामा. चार ठिपक्यांवरून नकाशा कसा काढणार? हार्डी यांचं उत्तर सरळ होतं: ठिपके घेऊच नका, रेघ काढा. जहाज चालत राहील आणि मोजणी थांबणारच नाही असं यंत्र बनवा.

या यंत्राला म्हणतात कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर. आपण त्याला नुसतं रेकॉर्डर म्हणू. साधारण मीटरभर लांबीचा, पाणतीरासारखा धातूचा ठोकळा, जहाजाच्या मागे पोलादी दोराने ओढायचा. पाण्याखाली साधारण १० मीटरवर तो धावतो. पुढे जेमतेम बोट जाईल एवढं चौकोनी छिद्र. त्यातून पाणी आत येतं आणि आडव्या ताणलेल्या रेशमी पट्टीतून गाळलं जातं. प्लवक पट्टीवर अडकतात. मागे एक छोटा पंखा आहे. जहाज चाललं की पाण्याने तो फिरतो आणि दातेरी चाकांमार्फत पट्टी हळूहळू पुढे सरकते. वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन बसते, प्लवक मध्ये सँडविचसारखे दाबले जातात, आणि ती गुंडाळी फॉर्मलिनच्या डब्यात जाऊन बसते. ना बॅटरी, ना वीज.

यातली खुबी लक्षात घ्या. पंखा जहाजाच्या वेगाने फिरतो, त्यामुळे पट्टीची लांबी म्हणजे अंतर. साधारण १० सेंटिमीटर रेशीम म्हणजे १० सागरी मैल समुद्र. जुन्या कॅसेटची फीत आठवते? नसेल आठवत, आईबाबांना विचारा. तसंच हे, फक्त फितीवर गाण्याऐवजी समुद्र उतरलेला. 'डिस्कव्हरी'वर पहिला नमुना वापरून पाहिला. परत आल्यावर हार्डी हल इथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले, यंत्र आटोपशीर केलं, आणि १९३१ मध्ये हलहून उत्तर समुद्रात नियमित सर्वेक्षण सुरू केलं.

दुसरी खुबी यंत्रात नव्हती, व्यवहारात होती. संशोधन जहाज महाग असतं. हार्डी यांनी रेकॉर्डर दिला नेहमीच्या मालवाहू आणि प्रवासी जहाजांना. ती तशीही ठरल्या मार्गावरून ठरल्या वेळी जाणारच होती. खलाशांनी फक्त यंत्र सोडायचं, काढायचं आणि बंदरावर परत द्यायचं.

मच्छीमारांसाठीही त्यांनी याहून लहान, सोपं यंत्र केलं होतं. आत रेशमाची एक चकती. समुद्रात थोडं ओढायचं, चकती काढून बघायची. चकतीवर कोपेपॉड भरपूर दिसले तर तिथे हेरिंग मिळण्याची शक्यता जास्त. नुसतीच हिरवीगार असेल तर जाळं पुढे न्या. नाखव्याच्या हातात प्रयोगशाळा दिल्यासारखंच ते होतं.

कंटाळवाणं काम, आणि त्याचं फळ

आता मी जे सांगणार आहे त्यात थरार काही नाही. रेशमाच्या पट्ट्या प्रयोगशाळेत येतात. उलगडतात. कापतात. आधी पट्टी किती हिरवी आहे ते डोळ्यांनी बघून नोंदवायचं. मग सूक्ष्मदर्शक. कोणती जात, किती. पुढची पट्टी. महायुद्धात काम थांबलं, १९४६ मध्ये पुन्हा सुरू झालं. माणसं निवृत्त झाली, नवी आली, प्रयोगशाळा हलहून एडिंबरोला गेली, तिथून प्लिमथला. पद्धत मात्र जवळजवळ तीच ठेवली. तेच छिद्र, तीच वीण, तेच मोजणं. मुद्दाम. कारण पद्धत बदलली की कालचा आकडा आणि आजचा आकडा यांची तुलना संपली.

साहजिकच कोणीतरी विचारणार: हे अजून किती वर्षं? यातून नवीन काय निघालं? १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधल्या सरकारी संशोधन परिषदेने हे सर्वेक्षण बंद करायचं ठरवलं. नुसतं मोजत बसणं हे काही मोठं विज्ञान नव्हे, असाच तेव्हाचा सूर होता. अनेक देशांनी मिळून पैसे उभे केले आणि १९९० मध्ये हार्डी यांच्या नावाच्या संस्थेकडे हे काम गेलं, म्हणून ते वाचलं. हार्डी स्वतः १९८५ मध्ये वारले होते.

आणि पुढच्या पंधरा वर्षांत काय झालं बघा.

२००२ मध्ये या नोंदींवरून दिसलं की ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यात राहणारे कोपेपॉड चाळीस वर्षांत सुमारे १० अंश अक्षांश उत्तरेकडे सरकलेत. १० अंश म्हणजे किती? मुंबईत राहणारा जीव सरकत सरकत दिल्लीच्याही जरा पुढे जाणं. समुद्र तापतोय याची साक्ष तिळाएवढ्या जिवांनी दिली.

२००३ मध्ये दुसरी गोष्ट. उत्तर समुद्रात कॅलॅनस नावाच्या कोपेपॉडच्या दोन जाती. एक थंडी आवडणारी, एक उबेतली. इतक्या सारख्या की मादी ओळखायची तर पाचव्या पायाच्या आतल्या कडेची वक्रता बघावी लागते. कोणाला पडलंय, असं वाटेल. पण थंडीतली जात वसंतात भरपूर असते, नेमकी कॉड माशाची पिल्लं तोंड उघडतात तेव्हा. उबेतली जात भरते शरदात. समुद्र तापला, पहिली घटली, दुसरी वाढली. वसंतात पिल्लं आली तर ताट रिकामं. कॉड कमी होण्यामागे बेसुमार मासेमारी होतीच, पण त्यात ही उपासमारही मिळाली. ज्यांनी वर्षानुवर्षं पाचवा पाय तपासला, त्यांच्यामुळे हे कळलं.

तिसरी गोष्ट २००४ ची. प्लिमथच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेल्या पट्ट्या पुन्हा उलगडल्या. या वेळी प्राणी शोधायला नाही, प्लास्टिक शोधायला. सूक्ष्म प्लास्टिकचे तंतू आणि कण जुन्या पट्ट्यांतही सापडले, आणि पुढच्या दशकांत त्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द तुमच्या फोनवर रोज येतो ना? तो घराघरांत पोचण्याची सुरुवात त्या शोधनिबंधापासून झाली.

इथे एक क्षण थांबा. १९६० च्या दशकात पट्टी गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाला सूक्ष्म प्लास्टिक हा प्रश्नच माहीत नव्हता. १९३१ मध्ये हार्डी यांना हवामानबदल ठाऊक नव्हता. त्यांना हेरिंगची चिंता होती. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर जमा होत होतं. मला या आख्ख्या गोष्टीत हेच मोलाचं वाटतं. आजवर या रेकॉर्डरांनी ७० लाख सागरी मैलांहून जास्त समुद्र मोजलाय.

आणि आपला समुद्र?

हे झालं अटलांटिकचं. १९५० च्या दशकात आपला हिंद महासागर म्हणजे सगळ्यात कमी अभ्यासलेला महासागर होता. म्हणून १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम झाली. डझनभराहून जास्त देश, चाळीसेक जहाजं. भारताकडून नौदलाची 'आयएनएस किस्तना' होती. अमेरिकेचं 'अँटन ब्रून' तर पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची खास नौका होती! जिथे मेजवान्या झाल्या त्या नौकेवर आता जाळी आणि बरण्या.

इतके देश म्हणजे इतकी वेगवेगळी जाळी. मग तुलना कशी करणार? तर सगळ्यांसाठी एकच जाळं ठरवलं: हिंद महासागर प्रमाण जाळं. तोंड एक चौरस मीटर, वीण ०.३३ मिलिमीटर, २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढायचं. हेन्सेन यांची पद्धत पुन्हा आली, पण या वेळी साऱ्या महासागरासाठी एक माप.

आणि हे सगळे नमुने कुठे जाणार? कोचीला! तिथे युनेस्कोच्या मदतीने भारतीय महासागर जैविक केंद्र उभं राहिलं. जहाजांवरून आलेल्या जवळपास दोन हजार बरण्या. प्रत्येक बरणीतल्या प्राणिप्लवकांचं आकारमान मोजायचं, मग थोडा भाग काढून कोपेपॉड वेगळे, बाणकृमी वेगळे, माशांची पिल्लं वेगळी, अंडी वेगळी. सूक्ष्मदर्शकाशी वाकून बसलेले तरुण भारतीय पदवीधर, आणि मार्गदर्शनाला देशोदेशीचे तज्ज्ञ. यातून हिंद महासागरातल्या प्राणिप्लवकांचे नकाशे छापले गेले. सोमालिया आणि अरबस्तानच्या किनाऱ्यालगत, जिथे नैर्ऋत्य मोसमी वारे खालचं पोषक पाणी वर आणतात, तिथे प्राणिप्लवक दाट असल्याचं ठळक दिसलं.

मोहिमेतल्या भारतीय कामाचे प्रमुख होते डॉ. एन. के. पणिक्कर. मोहीम संपली की सगळं विखुरणार, हे टाळायला हवं होतं. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, पणिक्कर तिचे पहिले संचालक. पणजीजवळ दोना पावलाला फिरायला जाता ना, तिथे जी मोठी संस्था दिसते ती हीच. कोचीचं केंद्र तिचाच भाग झालं.

पण प्रमाण जाळ्यालाही मर्यादा होत्याच. ०.३३ मिलिमीटरहून बारीक जीव निसटून जातात. शिवाय दिवसाचा नमुना वेगळा, रात्रीचा वेगळा. का? कारण कितीतरी प्राणिप्लवक दिवसा अंधाऱ्या खोलीत लपतात आणि रात्री खायला वर येतात. रोज. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ध्वनियंत्रांना समुद्रात एक खोटाच तळ दिसायचा, जो रात्री वर सरकायचा. तो तळ म्हणजे हेच खाली-वर करणारे जीव होते. आणि अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू अगदी कमी असलेला थर आहे. तरी काही जाती दिवसा त्यातच जाऊन लपतात. तिथे मागे येणारा शिकारी विरळा.

अरबी समुद्राने शास्त्रज्ञांना आणखी एक कोडं घातलं. पावसाळ्यात वनस्पतिप्लवक वाढतात, मधल्या महिन्यांत घटतात. मग त्यांना खाणारे प्राणिप्लवकही वाढायला-घटायला हवेत. पण वरच्या थरात ते वर्षभर साधारण तेवढेच! १९९० च्या दशकात गोव्याच्या संस्थेतले डॉ. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. एक तर हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर जमिनीकडून कोरडा, गार वारा येतो. वरचं पाणी थंड, जड होऊन खाली बसतं, खालचं पोषक पाणी वर येतं. म्हणजे पावसाळ्याखेरीज हिवाळ्यातही बहर येतो. आणि दुष्काळाच्या महिन्यांत प्राणिप्लवकांना जीवाणू आणि त्यांना खाणारे अतिसूक्ष्म जीव यांच्या साखळीतून अन्न मिळत राहतं. बारीक जाळ्यातूनही निसटणारे जीवच भुकेच्या दिवसांत घर चालवत होते.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा तुमच्या फोनमध्येच आहे. कोकणातल्या किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. लाईकही केले असतील. ती चमक बऱ्याचदा नॉक्टिलुका या जिवाची असते. एकपेशीय, पण दुसऱ्यांना गिळणारा. उत्तर अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात चक्क शेवाळ राहतं, म्हणजे शेतही स्वतःचं आणि शिकारही स्वतःची. साधारण २००० नंतर उत्तर अरबी समुद्रातल्या हिवाळी बहरात याने डायटम नावाच्या वनस्पतिप्लवकांची जागा घेतल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. कारणांबद्दल एकमत नाही. पण परिणाम गंभीर होऊ शकतो. डायटम कोपेपॉडांचं आवडतं खाणं. नॉक्टिलुका खातात ते मुख्यतः सॅल्प आणि जेलीफिशसारखे जीव. म्हणजे बांगडा-सुरमईकडे जाणारी वाट जेलीफिशकडे वळू शकते.

पण 'आधी असं नव्हतं' हे म्हणता आलं कशामुळे? आधी कोणीतरी मोजून ठेवलं होतं म्हणून. एवढ्याचसाठी डिसेंबर २०१५ मध्ये दुसरी हिंद महासागर मोहीम सुरू झाली, आणि तीही गोव्यातूनच. एका मोहिमेने समुद्राचा फोटो मिळतो. समुद्र बदलतोय की नाही हे कळायला तोच फोटो, त्याच जागेवरून, वर्षानुवर्षं काढत राहावं लागतं. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, आणि पैसे कापायची वेळ आली की पहिला नंबर त्याचाच लागतो. कॉडचं उदाहरण समोर आहे. नोंदी वाचल्या म्हणून निदान कारण तरी कळलं. आपल्या किनाऱ्यावर उद्या बांगडा दिसेनासा झाला, जवळा महाग झाला, तर नाखवा विचारेल का, आणि उत्तर द्यायला कोणाकडे तरी चाळीस वर्षांच्या वह्या असायला हव्यात.

म्हणून तुमच्यापैकी कोणी जीवशास्त्र शिकत असेल आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजून मोजून मान अवघडली असेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. मोजत राहा. तारीख, वेळ, जागा नीट लिहा, आणि बरणी टाकून देऊ नका.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावाकडे चमकणाऱ्या समुद्राला काय म्हणतात ते मला नक्की कळवा. किनाऱ्यागणिक वेगळा शब्द असेल असा माझा अंदाज आहे. भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!